बायलंडच्या मठाचीं भुतें आणि मृतांचें देणें

(आपल्या देवळाच्या ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



आपल्या देवळाच्या ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं मीं भुतांच्या गोष्टी सांगाव्या, हें ऐकून आपणांपैकीं कित्येकांना नवल वाटेल. देवळाचा पाया कोणीं घातला, घंटा कोणीं दिली, शाळा कोणीं चालविली, याविषयीं आपण इतर वक्त्यांच्या मुखांतून ऐकालच. पण ज्यांनीं हें देऊळ उभारिलें ते बहुतेक सर्व आज मागच्या कबरस्थानांत विसांवले आहेत. त्यांचें व आमचें नातें आतां काय उरलें, हा प्रश्न ज्युबिलीच्या दिवशीं विचारणें उचितच होय. त्याचें एक उत्तर इंग्लंडांतील एका जुन्या मठाच्या भूतकथांत आहे, आणि तेंच मी आज आपणांपुढें मांडणार आहें.

इंग्लंडच्या उत्तरेस यॉर्कशायर नांवाचा विस्तीर्ण परगणा आहे. तेथें हँबलटन टेकड्यांच्या पायथ्याशीं, शेतेंकुरणें आणि लहान लहान खेडीं यांच्यामध्यें, बायलंड येथें सिस्टर्शियन पंथाच्या व्रतस्थांचा मठ होता. 1134 मध्यें फर्नेसच्या मठांतून निघालेल्या कांहीं व्रतस्थांनीं त्याचा आरंभ केला. स्कॉट लोकांची धाड, जागेची अडचण, अशा कारणांनीं त्यांना एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं हिंडावें लागलें. एकदां तर ते रीव्हो येथील मठाच्या इतके जवळ येऊन राहिले कीं, एका मठाची घंटा दुसऱ्या मठांत ऐकूं जाऊन प्रार्थनेच्या वेळांचा घोटाळा होऊं लागला. अखेर 1177 मध्यें ते बायलंडला स्थिर झाले. त्यांच्या देवळाच्या पश्चिमेकडील भिंतींत सुमारें 26 फूट व्यासाची वर्तुळाकार खिडकी होती; तिचा खालचा अर्धा भाग आजहि आभाळाखालीं उभा आहे.

या मठाच्या ग्रंथांपैकीं एका हस्तलिखितांत सिसेरो या रोमन पंडिताचे लेख आणि इतर कांहीं प्रकरणें आहेत. इ. स. 1400 च्या सुमारास मठांतील एका व्रतस्थानें त्या हस्तलिखितांत कोऱ्या राहिलेल्या पानांवर आसपासच्या खेड्यांत चाललेल्या बारा भूतकथा लॅटिन भाषेंत लिहून ठेविल्या. आपलें नांव त्यानें दिलेलें नाहीं. वृद्धांच्या तोंडून जसें ऐकिलें तसें लिहिलें, एवढेंच तो सांगतो. तें हस्तलिखित आज लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयांत आहे. 1922 मध्यें ईटन येथील विद्यालयाचे प्रमुख एम. आर. जेम्स यांनीं त्या कथा छापून प्रसिद्ध केल्या. जेम्ससाहेब स्वतः भूतकथा लिहिण्यांत नामांकित होते. त्यांच्या कथांतील भूत बहुधा दुष्ट असावयाचें. या व्रतस्थाच्या कथांतील भूत बहुधा याचक असतें. माझ्या व्याख्यानाचें सारें सार या एका भेदांत आहे.

स्नोबॉल नांवाच्या शिंप्याची गोष्ट घ्या. हा शिंपी एका रात्रीं घोड्यावर बसून गिलिंगहून अँपलफोर्थ येथील आपल्या घरीं चालला होता. वाटेंत त्याला एक डोमकावळा दिसला. त्याच्या कुशींतून ठिणग्या उडत होत्या. तो शिंप्याच्या अंगावर झेपावला. शिंप्यानें क्रुसाची खूण केली, तलवारीची मूठ क्रुसासारखी पुढें धरिली. पुढें तेंच भूत गळ्यांत सांखळी असलेल्या कुत्र्याच्या रूपानें आलें. तेव्हां शिंप्यानें त्रैक्याच्या नांवें व ख्रिस्ताच्या पंचक्षतांतील रक्ताच्या नांवें त्याला शपथ घातली कीं, “तूं कोण आहेस व तुला काय पाहिजे, तें सांग.” शपथ घालतांच तें भूत बोलूं लागलें. कोण्या एका कृत्याबद्दल त्याच्यावर धर्मबहिष्कार पडला होता, आणि तशाच स्थितींत त्याला मरण आलें होतें. त्याची मागणी दोन गोष्टींची होती: अमुक धर्मगुरूकडून पापविमोचन, आणि 180 मिस्सा.

बिचारा शिंपी आजारी पडला; तरी बरा झाल्यावर तो त्या धर्मगुरूकडे गेला. धर्मगुरु कचरले, त्यांनीं इतरांचा सल्ला घेतला. शेवटीं पांच शिलिंग देऊन शिंप्यानें पापविमोचनाचा लेख मिळविला आणि तो त्या मृताच्या कबरेंत गुपचूप पुरिला. नंतर यॉर्क शहरांतील निरनिराळ्या पंथांच्या मठांत फिरून त्यानें त्या सर्व मिस्सा करविल्या. ठरल्या रात्रीं, मोठें वर्तुळ आंखून, जवळ शुभवर्तमान घेऊन, तो भुताला भेटावयास एकटा गेला. भुतानें सांगितलें कीं, येत्या सोमवारीं आपण व आपल्याबरोबर इतर तीस जण नित्यानंदांत प्रवेश करूं.

बंधुभगिनींनो, येथें गोष्ट संपावयास हरकत नव्हती. पण शिंप्यानें आणखी एक प्रश्न केला. स्वतःच्या आत्म्याची स्थिति कशी आहे, असें त्यानें पुसलें. भुतानें उत्तर दिलें कीं, परदेशच्या लढाईंत तुझ्याबरोबर असलेल्या एका सोबत्याचें टोपरें व अंगरखा तूं अन्यायानें ठेवून घेतला आहेस. तो परत कर. शिंपी म्हणाला कीं, तो मनुष्य कोठें राहतो हें मला ठाऊक नाहीं. भुतानें त्याचा ठावठिकाणाहि सांगितला. कबरेंतून उठून आलेला मृत एका जिवंत माणसाला दुसऱ्या जिवंत माणसाच्या जुन्या कपड्यांची आठवण करून देतो! ज्या व्रतस्थानें हें लिहिलें त्याला त्यांत कांहीं विनोद वाटला नाहीं. मलाहि वाटत नाहीं.

या बारा कथांतून मृतांच्या देण्यांची एक यादीच तयार होते. क्लीव्हलंडमधील एटन येथील एक मृत एका वाटसरूच्या मागें ऐशीं मैल चालत गेला. त्याच्यावरील धर्मबहिष्कार अवघ्या सहा पेन्सांच्या बाबींत होता. न्यूबर्गच्या मठांतील एका व्रतस्थानें चांदीचे चमचे चोरून लपविले होते. ते मठाधिपतीला परत मिळेपर्यंत त्याला स्वस्थता नव्हती. एका मजुरानें धन्याच्या धान्याच्या पेंढ्या चोरून आपल्या बैलांना चारिल्या. याहूनहि एक गोष्ट त्याला जड गेली. बैल पुष्ट राहावे म्हणून त्यानें धन्याची जमीन खोल न नांगरतां वरवर नांगरिली होती. आपणांपैकीं पुष्कळ जण शेतकऱ्यांचीं मुलें आहेत. वरवर नांगरलेली जमीन पाहणाऱ्याला चांगली दिसते. पीक आल्यावर कळतें. मजुरी पुरी घ्यावयाची आणि काम वरवर करावयाचें, हें पाप सहाशें वर्षांपूर्वींच्या यॉर्कशायरच्या खेडुतांनीं इतकें गंभीर मानिलें कीं, त्यासाठीं माणसाला कबरेंत झोंप येणार नाहीं असें त्यांना वाटलें.

सर्वांत मर्मभेदक गोष्ट अँपलफोर्थच्या एका स्त्रीची आहे. लंडच्या आदाम नांवाच्या म्हाताऱ्या गृहस्थाची ती बहीण. नवऱ्याशीं तंटा झाला तेव्हां तिनें घराजमिनीचे कागद गुपचूप भावाच्या स्वाधीन केले होते. ती मेली, आणि त्या कागदांच्या जोरावर भावानें तिच्या नवऱ्याला व मुलांना घराबाहेर काढिलें. मग ती रात्रीं हिंडूं लागली. एका गांवकऱ्यानें तिला गांठून कारण विचारिलें, तेव्हां तिनें सर्व हकीकत सांगितली व भावाला निरोप धाडिला कीं, कागद परत दे. भावानें तें मानिलें नाहीं. तेव्हां ती म्हणाली कीं, तूं मरेपर्यंत मी हिंडेन, आणि तूं मेल्यावर माझ्या जागीं तूं हिंडशील. तिचा उजवा हात लोंबत होता व काळा पडला होता; भांडणांत त्याच हातानें ती वारंवार शपथा घेत असे. पुढें धाकट्या आदामानें त्याची भरपाई केली, असें म्हणतात. बहिणीचा वांटा, मुलांचा वांटा, तंट्याच्या भरांत दुसऱ्याच्या हातीं दिलेले कागद — ही गोष्ट समजण्यासाठीं यॉर्कशायरला जाण्याची गरज आहे काय?

आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्या. या कथांतील मृताला बहुधा स्वतः होऊन आपलें मागणें सांगतां येत नाहीं. जिवंत मनुष्यानें देवाच्या नांवानें पुसावें लागतें. तोंवर तो घोडा होतो, बकरी होतो, गवताची गंजी होऊन गडगडत जातो, कारण त्याच्याजवळ शब्द नसतात. एटनच्या त्या मृतानें वाटसरूला कुंपणावरून पलीकडे भिरकाविलें होतें. शपथ घालून विचारल्यावर तो म्हणाला कीं, आधींच असें पुसलें असतेंस तर मीं तुला इजा केली नसती. ज्याला आपण भितों त्याला आपण अजून काय पाहिजे तें विचारिलेलें नसतें, हें त्या खेडुतांना पक्कें ठाऊक होतें.

मृतांना शांत करण्याचा दुसराहि मार्ग त्या काळीं होता, आणि तो क्रूर होता. बायलंडजवळच्या न्यूबर्गच्या मठांत बाराव्या शतकांत विल्यम नांवाचे इतिहासकार होऊन गेले. त्यांच्या इतिहासांत कबरेंतून उठून लोकांना पीडा देणाऱ्या मृतांच्या गोष्टी आहेत. त्यांपैकीं एक बकिंगहॅमशायरांतील आहे. अशा मृताचें प्रेत उकरून जाळावें, अशी इंग्लंडांत वहिवाट असल्याचें लोकांनीं लिंकनचे बिशप संत ह्यू यांना कळविलें. बिशपांना तें अमंगळ वाटलें. त्यांनीं स्वतःच्या हातानें पापविमोचनाचा लेख लिहिला आणि तो त्या मृताच्या छातीवर ठेवण्यास सांगितलें. त्याप्रमाणें करितांच उपद्रव थांबला. लोकांनीं अग्नि मागितला. बिशपांनीं क्षमा दिली.

बायलंडच्या मठानें मात्र एकदां क्षमेऐवजीं जबरदस्तीचा मार्ग धरिला. जेम्स टँकरले नांवाचे कर्बी येथील धर्मगुरु मठाच्या सभागृहापुढें पुरलेले होते. ते रात्रीं उठून कर्बीपर्यंत जात, आणि आपल्या रखेलीचा एक डोळा त्यांनीं फोडिला, असें लोक म्हणत. मठाधिपतींनीं शवपेटी उकरवून ती गॉर्मायरच्या सरोवरांत टाकविली. गाडीचे बैल भीतीनें जवळजवळ बुडालेच. ही गोष्ट लिहितांना मात्र आमच्या व्रतस्थाची लेखणी अडखळते. हें लिहिल्याबद्दल आपणांवर कांहीं संकट न येवो, अशी तो प्रार्थना करितो. आणि तारण पावणाऱ्यांपैकीं तो धर्मगुरु असल्यास सर्वसमर्थानें त्याजवर दया करावी, असें जोडतो. मठाधिपतींनीं ज्याला पाण्यांत लोटिलें, त्याच्यासाठीं त्यांच्याच मठांतील लेखकानें प्रार्थना मागितली आहे.

आतां एक गोष्ट मी विशेषेंकरून येथें बसलेल्या मातांसाठीं सांगतों. रिचर्ड राउंट्री नांवाचा क्लीव्हलंडचा मनुष्य गरोदर पत्नीला घरीं ठेवून संत याकोबाच्या कबरेच्या यात्रेस स्पेनांत गेला. वाटेंत एका रानांत यात्रेकरू निजले असतां पहारा करण्याची पाळी त्याच्यावर आली. मध्यरात्रीं त्यानें मृतांची मिरवणूक जातांना पाहिली. मृत्युसमयीं देवळाला अर्पण केलेल्या घोड्यांवर, बैलांवर, मेंढ्यांवर ते बसले होते. सर्वांच्या मागें जमिनीवर कांहीं तरी लहानसें एका बुटांत गडगडत येत होतें. त्यानें शपथ घालून विचारिलें, तेव्हां उत्तर आलें कीं, मला शपथ घालूं नकोस. मी तुझेंच मूल आहें, बाप्तिस्म्यावांचून व नांवावांचून मला पुरलें. बापानें आपला सदरा काढून त्याला घातला, त्रैक्याच्या नांवानें त्याला बाप्तिस्मा दिला व नांव ठेविलें. तें मूल आनंदानें उठून उभें राहिलें, आणि पायांनीं चालत निघून गेलें. बूट मात्र त्यानें जवळ ठेविला. घरीं परतल्यावर त्यानें बुटांची जोडी मागितली. पत्नीला एकच सांपडला. दुसरा त्यानें दाखविला, तेव्हां सुइणींनीं खरें तें कबूल केलें.

या गोष्टीचा शेवट दुःखद आहे. बाप आपल्याच मुलाचा धर्मपिता झाला, या कारणावरून पतिपत्नींना विभक्त करण्यांत आलें. आमचा व्रतस्थ लिहितो कीं, हा वियोग देवाला फार अप्रिय झाला असें मला वाटतें. नियमाचा अर्थ लावणाऱ्यांच्या निवाड्यापुढें एका साध्या व्रतस्थानें हें लिहून ठेविलें, याबद्दल मला त्याचा आदर वाटतो. बाप्तिस्म्यापूर्वीं गेलेल्या बालकांना पवित्र भूमीबाहेर पुरण्याची रीत ख्रिस्ती जगांत शतकानुशतकें चालली, आणि अनेक मातांनीं तें शल्य कोणालाहि न सांगतां उरांत बाळगिलें. 2007 मध्यें रोम येथील आंतरराष्ट्रीय ईश्वरविद्या आयोगानें आपला लेख प्रसिद्ध केला. अशा बालकांच्या तारणाची आशा धरण्यास गंभीर आधार आहेत, असें त्यांत प्रतिपादिलें आहे. त्या अंधाऱ्या रानांत एका बापानें जें केलें त्यांत हीच आशा होती.

पुढें काय झालें? आठव्या हेन्री राजानें 1536 ते 1540 या वर्षांत इंग्लंडांतील मठ बंद केले. बायलंडचा मठ 1538 मध्यें बंद झाला. छपरें गेलीं, भिंती राहिल्या. सुमारें दहा वर्षांनीं त्याच देशांत फादर थॉमस स्टीफन्स जन्मले. 1579 मध्यें गोव्यास येऊन ज्यांनीं आपल्या भाषेला ‘क्रिस्तपुराण’ दिलें, ते ओस पडलेल्या मठांच्या त्या देशांतूनच आपल्याकडे आले. 1547 च्या कायद्यानें मृतांसाठीं मिस्सा करण्याकरितां ठेविलेल्या देणग्या तेथें सरकारजमा झाल्या. मृतांसाठीं प्रार्थना करणें बंद झालें, पण मृतांची आठवण कशी बंद होणार? माझ्या मतें येथेंच भुताचें स्वरूप पालटलें. पूर्वीं तें कांहीं मागत असे. आतां त्याच्या मागण्याला उत्तर देणारा कोणी उरला नाहीं, म्हणून तें नुसतें भेवडावूं लागलें. पडक्या मठांभोंवतीं मुंडकें नसलेले व्रतस्थ आणि भिंतींत चिणलेल्या जोगिणी यांच्या कथा वाढल्या. एसेक्समधील बोर्ली येथें तर तसला मठ मुळीं नव्हताच. तरी एकोणिसाव्या शतकांत बांधलेल्या तेथील पाद्रीबंगल्याभोंवतीं अशीच कथा रचिली गेली, आणि 1929 पासून वर्तमानपत्रांनीं ती देशभर गाजविली. त्या भुताला कोणाचें कांहीं देणें नव्हतें. म्हणून त्यापासून कोणी कांहीं शिकलें नाहीं.

या बारा कथा घडल्याच, असें मी म्हणत नाहीं. ख्रिस्तसभा शुद्धिस्थानाविषयीं जें शिकविते तें थोडकें आहे: शुद्धिस्थान आहे, आणि तेथील आत्म्यांना आमच्या प्रार्थनांनीं, विशेषतः मिस्साबळीनें, साह्य होतें. 1563 मध्यें ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें हेंच सांगून, या विषयांत नुसतें कुतूहल, भोळसरपणा व द्रव्यलोभ वाढविणाऱ्या गोष्टींना बिशपांनीं मनाई करावी, असें ठरविलें. म्हणून रात्रीं कबरस्थानांत कांहीं दिसतें काय हें पाहावयास जाऊं नका, आणि मृतांशीं बोलवून देतों म्हणणाऱ्याला पैसे देऊं नका. पण त्या खेडुतांच्या कथांच्या मुळाशीं जें सत्य आहे तें टाकूं नका.

तें सत्य ज्युबिली या शब्दांतच आहे. इस्राएल लोकांना पन्नासावें वर्ष योबेलाचें म्हणून पाळण्याची आज्ञा होती. त्या वर्षीं रणशिंग वाजे. विकलेली वतनी जमीन मूळ कुळाला परत जाई. दारिद्र्यामुळें चाकरींत पडलेला बांधव मोकळा होऊन घरीं जाई. परत देणें, हाच ज्युबिलीचा मूळ अर्थ. अँपलफोर्थची ती स्त्री आपल्या भावाजवळ जें मागत होती तें याहून निराळें काय होतें?

आपल्या ज्युबिलीनिमित्त रोषणाई झाली, बँड वाजला, देवळाला नवा रंग लागला. हें सर्व योग्यच आहे. आतां तीन कामें उरलीं आहेत, तीं आपण ज्युबिलीचें वर्ष संपण्यापूर्वीं करूं या. पहिलें, घरांतील मृतांचीं नांवें एका कागदावर लिहून काढा, ज्यांना नांव मिळालें नाहीं त्यांच्यासाठींहि एक ओळ ठेवा, आणि 2 नोव्हेंबरच्या मिस्सेपूर्वीं तो कागद फादरांच्या हातीं द्या. दुसरें, घरांतील पेटी उघडा; भावाबहिणींच्या वांट्याचे जे कागद वर्षानुवर्षें तळाशीं पडले आहेत ते बाहेर काढा व ज्याचें त्याला द्या. तिसरें, ज्या भावकीशीं बोलणें टाकलें आहे तिच्या दारीं जाऊन, काय पाहिजे, एवढें विचारा. बायलंडच्या मृतांना हें सर्व मरणानंतर, रात्रीं, थंडींत, दुसऱ्याच्या तोंडानें मागावें लागलें. आपल्याला तें दिवसाढवळ्या स्वतःच्या हातानें करितां येतें.

अँपलफोर्थ येथें 1802 पासून बेनेडिक्टाइन पंथाच्या व्रतस्थांचा मठ आहे. स्नोबॉल शिंपी ज्या गांवीं राहत होता, जेथें ती स्त्री आपले कागद मागत हिंडली, तेथें मृतांसाठीं पुन्हां मिस्सा अर्पण होऊं लागल्या. आपल्या देवळांतहि त्या पहिल्या दिवसापासून अर्पण होत आल्या आहेत. ज्यांनीं हें देऊळ बांधिलें त्यांचें आपणांवर हेंच देणें आहे. तें आपण फेडीत राहूं या. त्यांना चिरशांति लाभो, आणि आपणां सर्वांना कोणाचेंहि देणें मागें न ठेवतां त्यांच्याकडे जाण्याची कृपा मिळो. आमेन.